तेराशे ऐंशीचा सुळका

फळबाजाराच्या तपासणी खोलीत बसणाऱ्या बाईला सगळे चांदीबाई म्हणत. अंगावर चांदीचा म्हणावा असा एक दागिना नव्हता, पण दर सोमवारी सकाळी ती काचेच्या चंबूत चांदीचा क्षार उकळायला ठेवायची. पाणी आधी पिवळट व्हायचं, मग हिरवट-राखाडी, आणि शेवटी भांडी विसळल्यासारखं गढूळ. त्या गढूळ पाण्यात डोळ्यांना जन्मात दिसणार नाहीत इतके बारीक चांदीचे कण तरंगत असायचे. ते ती कागदाच्या पट्ट्यांवर वाळवायची, आणि त्या पट्ट्यांवर आठवडाभराची तपासणी चालायची. बाजारातल्या हमालांना एवढंच ठाऊक होतं, की बाई चांदी उकळते आणि पाण्यात घालवते. नाव पडायला तेवढं पुरलं.

काम दिसायला सोपं होतं. फळाच्या सालीवर स्पिरिटचा थेंब टाकायचा, त्यावर चांदीची पट्टी ठेवून दहा आकडे मोजेपर्यंत अंगठ्याने दाबायची, आणि मग ती रामन यंत्राच्या लाल किरणाखाली सरकवायची. प्रत्येक रसायन उजेड परतवताना त्यात आपली खूण सोडतं. एरवी ती खूण इतकी क्षीण, की असून नसल्यासारखी. चांदीचे कण तिला लाखो पटींनी मोठं करतात. मग पडद्यावर रेष उमटते, आणि सालीवर थायरम असेल, म्हणजे फळझाडांवर मारायचं बुरशीचं औषध, तर त्या रेषेवर तेराशे ऐंशी या आकड्यापाशी सुळका उभा राहतो. तो आखलेल्या मर्यादेच्या वर गेला की माल परत, आणि बागायतदाराच्या कार्डावर लाल शिक्का. लाल शिक्का म्हणजे या हंगामात पुन्हा या बाजारात पाऊल टाकायचं नाही.

गेल्या वर्षी अख्ख्या हंगामात तीन लाल शिक्के पडले होते. यंदा तिसऱ्याच आठवड्यात दहा झाले.

"लोकांनी ताळतंत्र सोडलंय," साहेब म्हणाले. साहेब म्हणजे तपासणी विभागाचे प्रमुख. आठवड्यातून दोनदा खोलीत डोकवायचे, यंत्रावरून हात फिरवायचे आणि जायचे. "पण आपलं यंत्र कसं पकडतंय बघा."

"साहेब, दोन-तीन नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून खात्री करून घेऊ या का?"

"कशाला? रोज सकाळी कोरी पट्टी लावून बघता ना तुम्ही?"

"बघते."

"त्यावर काही येतं?"

"नाही. सरळ रेष."

"मग झालं तर."

कोऱ्या पट्टीचं तिला पटत होतं. चिमट्याने पट्टी उचलायची, तिच्यावर स्पिरिटचा थेंब सोडायचा, किरणाखाली ठेवायची. रेष सपाट. म्हणजे चांदी चोख, स्पिरिट चोख, यंत्र चोख. दोष असेल तर फळात.

अकराव्या शिक्क्याच्या दिवशी फाटक उघडायच्या आत दादा रांगेत उभा होता. दादा तिचा सख्खा थोरला भाऊ. शहराबाहेर बसने तासाभराच्या अंतरावर त्याची नासपतीची बाग होती. वहिनीला दम्याचा त्रास सुरू झाला तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, त्याने बागेत कुठलंही औषध मारलं नव्हतं. फवारणीचा पंपसुद्धा देऊन टाकला होता. निम्मी फळं डागाळायची, आकाराने लहान राहायची, पण दादा कोणी विचारलं नाही तरी सांगत सुटायचा, "धुवायचीही गरज नाही, तोडा आणि खा."

"लाव बाई तुझी चांदी लवकर," त्याने टेबलावर सहा नासपत्या मांडल्या. "मला परतीची गाडी गाठायचीय."

तिने हातमोजे चढवले, पट्टी दाबली, आत सरकवली. पडद्यावर रेष डावीकडून रांगत आली आणि तेराशे ऐंशीपाशी ताडकन उभी राहिली.

तिला वाटलं, आधीच्या नमुन्याचं काही राहिलं असेल. पण आधीचा नमुना नव्हताच, दिवसाची सुरुवातच त्याच्यापासून होती. तिने दुसरं फळ घेतलं. सुळका थोडा ठेंगणा, पण मर्यादेच्या वरच. मग हातमोजे काढून टाकले, नवी जोडी घातली, टेबल पुसलं, तिसरं फळ. सुळका पहिल्यापेक्षाही उंच.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"दादा, तू काही मारलंस का?"

"काय मारू?"

"थायरम."

दादा हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला. मागे रांग उभी होती आणि रांगेला कान होते. चांदीबाईला वाटलं, याने आता चिडावं. टेबलावर हात आपटावा, यंत्राला शिव्या द्याव्यात, निदान खात्रीची तपासणी मागावी. दादाने पडद्याकडे पाहिलं. मग कार्ड पुढे केलं.

"तू म्हणतेस म्हणजे असेलच," तो म्हणाला.

तिने कार्डावर शिक्का मारला. शिक्का तिरका पडला.

चार दिवस दादाचा फोन नाही. पाचव्या दिवशी वहिनीचा आला, तोही दबक्या आवाजात.

"अगं, यांचं काही खरं नाही. सकाळपासून पानं धूत बसतात. परवा क्रेट हुंगत होते. मला विचारतात, तू काही शिंपडलंस का? मी शिंपडीन का गं? मला तर अत्तरानेसुद्धा धाप लागते."

"दादा म्हणतोय काय?"

"काल म्हणाले, कदाचित मीच मारलं असेल आणि विसरलो असेन. आता सांग. पंप नाही घरात, आणि हे म्हणतात विसरलो असेन!" वहिनीने आवाज आणखी खाली आणला. "आणि पलीकडच्याशी भांडण झालंय."

पलीकडचा म्हणजे कुंपणापलीकडच्या बागेचा मालक. वीस वर्षांची दोस्ती. दादाने त्याला कधी नावाने हाक मारलीच नाही, कायम 'पलीकडचा'. दोघे मिळून एकच शिडी वापरायचे, आणि ती कोणाची हे आता दोघांनाही सांगता आलं नसतं.

"हे त्याला म्हणाले, तुझंच औषध वाऱ्याने आलं. तो म्हणाला, मी तर कुंपणापासून दहा ओळी सोडून मारतो. मग हे काय काय बोलले. आणि कालपासून शिडी कुंपणाच्या मधोमध आडवी पडलीय. कोणीच घेत नाही."

फोन ठेवल्यावर चांदीबाईच्या डोक्याचा पार गोंधळ उडाला. यंत्र खरं मानावं तर दादा खोटा. दादा खरा मानावा तर यंत्र खोटं, आणि यंत्र खोटं तर कोरी पट्टी रोज सपाट का? पलीकडच्याला दोष द्यावा, तर बाकीच्या दहा जणांच्या बागा काय त्याच्याच कुंपणाला लागून होत्या? विचार करता करता ती पहिल्या टोकाला यायची आणि पुन्हा सुरुवात करायची.

शनिवारी दुपारी बाजार बंद झाल्यावर ती खोलीतच थांबली. वहिनीने मागे घरी पाठवलेल्या नासपत्यांपैकी दोन तिने पिशवीतून आणल्या होत्या. नवे हातमोजे, नवी पट्टी. सुळका. ठीक आहे, हीही दादाचीच फळं. मग तिने वाटेत घेतलेली केळी लावली. पुन्हा नवे हातमोजे, कारण आता ती जास्तच काळजी घेत होती. सुळका. डब्यातला उकडलेला बटाटा. सुळका. दाराची कडी. सुळका. शेवटी डब्यातला स्टीलचा चमचा घासून, धुऊन, पुसून त्यावर पट्टी दाबली, आणि तेराशे ऐंशीपाशी रेष अशी उभी राहिली जणू चमचा झाडावरूनच तोडून आणला होता.

ती खुर्चीत बसली. चमच्यावर कोण फवारणी करतं?

मग कोरी पट्टी लावली. सपाट.

ज्याला ज्याला ती हात लावत होती त्यावर थायरम होतं. म्हणजे ते तिच्याच अंगातून येत होतं की काय? तीन आठवडे इतक्या विषारी फळांत वावरून ते रक्तात उतरलं असेल? तिने जीभ बाहेर काढून काळ्या पडद्यात पाहिली. जीभ होती तशीच होती.

घरी सासरे होते. नवरा कामासाठी परगावी असायचा, त्यामुळे बोलायला सून आणि सासरा ही दोनच माणसं. बाबा शब्दकोडं सोडवत बसले होते. तिने चहा ठेवला, आणि कोणालातरी सांगायलाच हवं म्हणून सगळं सांगून टाकलं: दादा, शिडी, चमचा, जीभ.

बाबांना नीट ऐकू यायचं नाही. "कुठलं औषध म्हणालीस?"

"थायरम, बाबा. बुरशीचं. झाडांवर मारतात."

"झाडांवर?" बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "झाडांवर कशाला मारतील? ते रबरात घालतात."

"नाही हो बाबा, हे वेगळं."

"वेगळं कसलं? थायरम ना? पांढरी पूड. नाकात गेली की शिंका. एकोणतीस वर्षं मी मिक्सिंगला होतो." बाबा टायरच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते, हे तिला ठाऊक होतं, पण तिथे ते नेमकं काय करायचे, हे लग्नाला अठरा वर्षं होऊनही तिने कधी विचारलं नव्हतं. "रबर नुसतं तापवलं तर लवकर पक्कं होत नाही. गंधक घालावं लागतं, आणि गंधकाने झटपट काम करावं म्हणून हे. पोत्यांनी यायचं आमच्याकडे. ते फळांवर मारतात? आणि लोक खातात?"

चहा उतू गेला. तिचं लक्ष नव्हतं.

"बाबा, रबराच्या हातमोज्यात असतं का हे?"

"असू शकतं. कोण बनवतो, कसं धुतो, त्यावर आहे. स्वस्तातला माल असेल तर राहतंच थोडं अंगावर."

हातमोजे यंदा बदलले होते. पूर्वी निळे यायचे. हंगामाच्या तोंडावर पुरवठादाराने दुसरेच पाठवले, पिवळट पांढरे, पुडक्यावर ना नाव ना पत्ता. कोरी पट्टी ती चिमट्याने उचलायची, म्हणून तिला हातमोजा लागतच नव्हता. फळावर मात्र पट्टी अंगठ्याने दाबायची, स्पिरिट कागदातून वर चढायचं आणि हातमोज्यातलं थायरम खाली चांदीवर घेऊन यायचं. आणि एकच जोडी दिवसभर वापरली, की स्पिरिटने अंगठा धुतला जाऊन दुपारपर्यंत सुळका खाली बसायचा. अकराच्या अकरा शिक्के सकाळच्या पहिल्या काही मालांवर पडले होते. जो लवकर उठून आला, तो मेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. रखवालदाराला सांगून तिने खोली उघडली. हातमोज्याचा अंगठा कापून त्याच्यावर थेट पट्टी दाबली. सुळका पडद्याच्या वर निघून गेला, टोक दिसेना. मग हात साबणाने धुतले, पट्टी चिमट्याने ठेवली, काचेच्या कांडीने दाबली. चमचा: सपाट. कडी: सपाट. दादाची शेवटची नासपती: सपाट.

तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, एखाद मिनिट. मग अकरा कार्डं आठवली.

सोमवारी साहेबांनी सगळं उभ्याउभ्या ऐकलं आणि दार लोटून घेतलं.

"हातमोजे बदला," ते म्हणाले. "आणि विषय संपवा."

"आणि अकरा जण?"

"त्यांतले किती जण खरंच फवारत होते, सांगू शकता?"

तिला सांगता येत नव्हतं. फळं गेली होती, कोणाची गुरांना, कोणाची खड्ड्यात. पट्ट्या फेकल्या होत्या. उरले होते ते आलेख, आणि त्या आलेखांत हातमोज्याचं थायरम कुठे संपतं आणि झाडाचं कुठे सुरू होतं, हे कळायला मार्ग नव्हता. दोन्ही एकच रसायन, सुळका एकच.

"नाही सांगू शकत," ती म्हणाली. "म्हणूनच तर शिक्के काढावे लागतील."

"दोषींचेसुद्धा?"

"दोषी कोण ते आपल्याला माहीतच नाही ना, साहेब."

साहेबांनी डोकं धरलं. बराच वेळ त्यांचं तेच तेच चाललं होतं, बाजाराचं नाव, वर काय सांगायचं, यंत्र आणताना आपण केलेलं भाषण. ती उभीच राहिली. शेवटी म्हणाले, "तुम्ही लिहून द्या. चूक तुमची म्हणून."

"देते," ती म्हणाली. "पण हातमोज्यांच्या मागणीवर सही तुमची आहे, तेही लिहीन."

कागद दोघांच्या सहीने गेला. हातमोज्यांचं खोकं सील करून पुरवठादाराकडे परत रवाना झालं. दहा फोन तिने स्वतः केले. एकाने शिव्या घातल्या, त्या तिने पूर्ण ऐकून घेतल्या. एक बाई रडल्या आणि मग तिलाच धीर देऊ लागल्या. एकाने फोन मुलाकडे दिला, मुलाने आईकडे, आईने पुन्हा त्याच्याकडे. आणि सातवा बागायतदार गप्पच झाला.

"ऐकताय ना?" तिने विचारलं.

"ऐकतोय हो. पण बाई, मी तर मारलं होतं."

"काय?"

"थायरम. चांगलं दोनदा. तुम्ही पकडलंत तेव्हा मला वाटलं, वा, काय यंत्र आहे! आणि आता तुम्ही म्हणता चूक झाली. मग मी आता माल आणू की नको?"

"नका आणू," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या नावापुढे काय खूण करावी याचा विचार करत बसली. शेवटी प्रश्नचिन्ह काढलं.

दादाला मात्र तिने फोन केला नाही. बसने गेली. सोबत हातात धरता येईल असं छोटं यंत्र, पट्ट्यांची डबी आणि काचेची कांडी.

दादा बागेत खाली बसला होता. हातात पान होतं आणि तो ते उजेडात धरून पाहत होता. तिने सांगितलं. त्याने एकदा ऐकलं, पुन्हा सांगायला लावलं, मग म्हणाला, "म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही दादा. विसरायला काही नव्हतंच."

"मला तर आठवायला लागलं होतं गं," दादा म्हणाला. "मी पंप पाठीवर घेतलाय, कुठल्या झाडापासून सुरुवात केली, सगळं. अगदी डोळ्यांसमोर यायचं."

ती त्याच्या शेजारी मातीत बसली. तिला रडू येत होतं आणि दादा तिच्याकडे असा पाहत होता, की हिला झालंय काय. "चिमे, अगं मी काही म्हणालो का तुला?" तो म्हणाला. चाळिशी उलटलेल्या बाईला चिमी म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस होतं.

वहिनी आली, तिने ऐकलं, आणि पहिलं वाक्य टाकलं ते असं: "आधी पलीकडच्याकडे जा. चपला घाला आणि जा."

जायची वेळ आली नाही. पलीकडचा कुंपणापाशीच उभा होता. पडलेल्या शिडीच्या त्या बाजूला, टोपी हातात घेऊन. तो उंच, हडकुळा, आणि बोलायच्या आधी घसा खाकरणारा माणूस होता.

"मी विचार केला," तो दादाला म्हणाला. दोघांपैकी कोणी काही सांगायच्या आतच. "तुझं बरोबर आहे. मागच्या महिन्यात एका दिवशी वारा होता. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. माझ्याचकडून आलं. माफ कर."

दादाने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने वहिनीकडे.

"त्याचंच सांगायला आलोय," दादा म्हणाला. "काही आलंच नाही."

चांदीबाईने कुंपणालगतच्या ओळीतली तीन फळं तोडली, तिथेच शिडीवर मांडली, नुसत्या हातांनी डबी उघडली, चिमट्याने पट्टी ठेवून कांडीने दाबली. चौघंही वाकून त्या छोट्या पडद्याकडे पाहत होते. रेष डावीकडून आली, तेराशे ऐंशीवरून तशीच पुढे गेली. दुसऱ्या फळावर तेच. तिसऱ्यावरही तेच.

"आणि हे खरं?" पलीकडच्याने विचारलं. "म्हणजे, तेही तुम्ही खरंच म्हणाला होतात."

"हो," ती म्हणाली. मग पडद्याकडे पुन्हा पाहून म्हणाली, "मला वाटतं, हो." आणि चौथं फळ तोडून पुन्हा लावलं. शिवाय घरी जाताना सहा फळं मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायला पिशवीत भरून घेतली. या वेळी तिने कोणाला विचारलं नाही.

पलीकडचा घसा खाकरून उभाच होता. काहीतरी त्याच्या मनाला लागत होतं.

"मग मी आत्ता माफी मागितली, ती कशाबद्दल?"

दादाने वाकून शिडीचं एक टोक उचललं.

"ती माफी राहू दे आता माझ्याकडे," तो म्हणाला. "तू ते टोक धर. आणि मी तुला जे बोललो ना त्या दिवशी, त्याचं काय करायचं ते चहा घेता घेता बघू."

"चहा कोणाकडे?" पलीकडच्याने विचारलं.

"आमच्याकडे," वहिनी म्हणाली, आणि चांदीबाईच्या हातातली पिशवी घेऊन पुढे झाली.